लिहिणारा तो, वाचणारी मी

५ फेब्रुवारी, बुधवार

बाब्या,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच कपाटावर फेकशील, म्हणून पत्ता टाइप करून चिकटवलाय. आता फोडलंच आहेस तर वाच. तुझा फोन लागत नाही, ईमेल परत येतात, मग माणसाने करायचं काय? पोस्टाला अडवायची सोय अजून निघालेली नाही.

ख्यालीखुशाली नंतर, आधी काम. मागच्या बुधवारी आपल्या प्रोग्रॅममध्ये भोक सापडल्याचा मेल आला. ‘आपल्या’ म्हटलं म्हणून नाक मुरडू नकोस. आठ वर्षांत तू एक अक्षर लिहिलेलं नसलंस तरी त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी अजून तुझ्याच आहेत. जगातली लाखो मशीनं अजून त्याच्यावरच घड्याळं जुळवतात आणि आपण दोघं आहोत हे त्यांच्या मालकांच्या गावीही नाही. दोघं हे सवयीने लिहिलं. मी एकटीच आहे.

मेल एका बाईचा होता. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधली भोकं शोधायची हाच तिचा धंदा. एका प्रश्नाचं उत्तर दिलं की तिचे तीन नवे प्रश्न तयार असतात, म्हणून मी तिचं नाव चिवटबाई ठेवलंय. तिने रिवाजाप्रमाणे नव्वद दिवस दिलेत. तोवर गुपचूप दुरुस्ती करायची. एकोणतीस एप्रिलला ती सगळं जाहीर करणार, आपली तयारी असो वा नसो.

भोक तेच आहे. आठ वर्षांपूर्वीचंच, फक्त दुसऱ्या जागी.

वरच्या मजल्यावरच्या काकूंना मी ते समजावून सांगितलं. गुपित फुटायची भीती नको. मी घड्याळं दुरुस्त करते अशी त्यांची समजूत आहे. दोनदा भिंतीवरचं घड्याळ घेऊन आल्या, दोनदा मी सेल बदलून दिले. त्यांना म्हटलं, समजा मी पलीकडच्या खोलीत चिठ्ठी पाठवली, ‘किती वाजले?’ चिठ्ठीवर मनातला एक आकडा लिहिला. उत्तर येईल त्या चिठ्ठीवर तोच आकडा असेल तरच ते खरं मानायचं. आकडा चुकला तर चिठ्ठी फाडायची. आकडाच नसला, कोरी असली, तरी फाडायची. आमच्या प्रोग्रॅमने कोरी चिठ्ठी फाडायचंच सोडून दिलं. मग कुठल्याही चोराने दाराच्या फटीतून कोरी चिठ्ठी सरकवावी, ‘पहाटेचे चार वाजले’ म्हणून कळवावं, आणि आम्ही मुकाट्याने काटे फिरवावेत.

काकू म्हणाल्या, “अगं, मग फाडायची ना!”

आठ वर्षांपूर्वी काकूंनाच विचारायला हवं होतं.

लहान मशीन मोठ्याला वेळ विचारतं, ती जागा तेव्हाच दुरुस्त झाली. दोन बरोबरीची मशीनं एकमेकांना विचारतात, तिथे मात्र कोरी चिठ्ठी अजून आत येते. ती ओळही त्याच दिवशी, त्याच बदलात काढली गेली होती. नोंदीत अजून तसंच आहे: लिहिणारा तू, वाचणारी मी. त्या भागाचं गणित तुझं आहे. मला ते अर्धवटच कळतं, आणि हे मी कागदावर लिहून देतेय, जपून ठेव. एकदा नजर टाकशील का? दोन ओळींत उत्तर दे. शिव्या घातल्यास तरी चालेल.

ताई

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाब्या,

पंधरा दिवस झाले. पोस्टमन आता मला बघितलं की लांबूनच मान हलवतो.

दुरुस्ती मीच सुरू केलीय. तुझ्या खोलीत टेबल लावून त्यावर दोन मशीनं शेजारी शेजारी ठेवली, तिसऱ्यावरून कोरी चिठ्ठी सोडली. पहिल्या मशीनचं घड्याळ अकरा तास मागे गेलं. आवाज नाही, ठिणगी नाही, काही नाही. दुपारचे दोन वाजले होते, ते पहाटेचे तीन झाले. खिडकीत ऊन होतं. मी उगाच उठून दार लावून आले.

मुद्दाम अकराच तास लावले होते, तेव्हा रक्तपेढीतलं घड्याळ मागे गेलं होतं तेवढेच. तुला कळलं असेल का ते.

त्या रक्तपेढीत काय झालं ते मी आजही कुणाला सांगितलं तर लोकांना वाटतं, घड्याळ मागे गेलं, त्यात एवढं काय? त्यांच्या थंड कपाटांच्या नोंदी उलटसुलट झाल्या. कुठली पिशवी कधी आत गेली, कुठली जास्त वेळ बाहेर राहिली, सांगता येईना. दोनशे बारा पिशव्या ओतून टाकाव्या लागल्या. कुणी दगावलं नाही हे नशीब. पण लोकांनी रक्त दिलं होतं, बाह्या वर करून, आणि ते मोरीत गेलं. मग सगळ्यांनी आपल्या प्रोग्रॅमची बदलांची नोंदवही उघडली, चार महिन्यांपूर्वीचा तो बदल शोधला आणि त्यावर तुझं नाव बघितलं. नंतर जे झालं ते मी कशाला सांगू? तुझं भाषण रद्द केलं. तुझी नोकरी गेली. ज्या पोरांना तू शिकवलंस तीच तुझी थट्टा करत होती.

तू एकच वाक्य धरून बसलास, ‘मी हे लिहिलेलं नाही.’ मला म्हणालास, “ताई, तू सांग ना त्यांना.” आणि मी म्हटलं, “अरे, पण रेकॉर्डवर तुझं नाव आहे.” वर हेही म्हटलं की मशीन उघडं टाकून चहाला जायची तुझी जित्याची खोड, कुणीतरी घुसलं असेल. सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाला त्याच्याच घरात चोर शिरला म्हणणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नाही. मी समोर दिसत होतं त्यावरून बोलले.

आई गेली तेव्हा तू दोन तास आलास. दाराजवळच्या खुर्चीत बसलास आणि माझ्याशी सोडून सगळ्यांशी बोललास. चहासुद्धा काकूंच्या हातचा घेतलास. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोजत होते, आता येईल, आता येईल. मग जिन्यात तुझ्या चपला वाजल्या.

आठ वर्षं भिजत पडलेलं घोंगडं आहे हे, मला माहीत आहे. तरी लिही.

ताई

१३ मार्च, गुरुवार

बाब्या,

हे बसून वाच.

दुरुस्तीसाठी काल तो जुना बदल पहिल्यांदाच नीट तपासला. तारीख सतरा ऑगस्ट. वेळ दुपारी तीन चाळीस. आणि सतरा ऑगस्टला दुपारी तीन चाळीसला तू गाडीत होतास. आई पडल्याचं कळल्यावर तू परिषद अर्धी सोडून निघालास, सकाळी बसलास आणि संध्याकाळी सातला पोचलास. वाटेत सगळा डोंगर, बोगदे. तुझा फोन लागत नव्हता म्हणून मी दिवसभर तुझ्या नावाने खडे फोडत होते. आणि तुझं मशीन तू घरीच ठेवून गेला होतास.

ते माझ्या मांडीवर होतं.

माझं ते अवजड खोकं इस्पितळात कसं नेणार? म्हणून तुझं उचललं. आईला आत नेलं होतं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते, समोर बंद दार आणि त्यावर लाल दिवा. टेलिफोन केंद्रातला तो माणूस आठवतो? ज्याच्याकडची जुनाट मशीनं उत्तरात कोऱ्याच चिठ्ठ्या पाठवायची? तू कोरी चिठ्ठी फाडायची ओळ दोन्ही ठिकाणी घातल्यापासून त्याची घड्याळं जुळेनात. तो दर दहा मिनिटांनी फोन करत होता. “मॅडम, काहीतरी करा, माझी नोकरी जाईल.” मी म्हटलं, माझी आई आत आहे. तो म्हणाला, “हो मॅडम, पण माझं घड्याळ?”

त्याचं तोंड बंद करायला मी त्या दोन्ही ओळी काढल्या. तात्पुरत्या. त्याची मशीनं बदलली की परत घालणार होते. आपला नियम होता ना, एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं, तेव्हाच ते बाहेर जाईल? मशीन तुझं, त्यामुळे लिहिणारा म्हणून आपोआप तुझं नाव पडलं. मग मी माझ्या खात्यात शिरून ‘वाचलं’ म्हणून शिक्का मारला. लिहिणारी मीच, वाचणारीही मीच. नियम तूच केला होतास, आणि तो पाळला जातोय ना यावर माझा मेला सगळा कटाक्ष असायचा.

पाच मिनिटांत डॉक्टर बाहेर आले, आणि ते सगळं माझ्या डोक्यातून पार गेलं. काल ती वेळ बघितली तेव्हा आठवलं.

तू खरं बोलत होतास. मला लाज वाटते. हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं, कारण ते फार लहान दिसतं.

ताई

८ एप्रिल, मंगळवार

बाब्या,

दुरुस्ती पूर्ण झाली. तुझं गणित मला शेवटी समजलं, आणि आता सांगते, ते सुंदर आहे. तेव्हा मी ‘बरं आहे’ एवढंच म्हटलं होतं. तेवढंही चेहरा आंबट करून.

अडचण एकच होती, वाचायला कुणी नव्हतं. पूर्वी खुर्ची मागे ढकलून “ऊठ, वाच” म्हटलं की काम व्हायचं. आठ वर्षं मी प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या संस्थेतल्या कुणाला तरी पाठवते आणि तो न वाचताच ‘छान’ म्हणतो. या वेळी चिवटबाईला पाठवलं. तिने तीन चुका काढल्या आणि एक शंका. शंका अगदी तुझ्या पद्धतीची होती, आधी कौतुक आणि मग पायाखालची सतरंजी ओढायची. मला इतकं बरं वाटलं की तिचा मेल मी जेवताना परत वाचला.

आता सूचनेचं. दुरुस्तीबरोबर सूचना काढावी लागते: भोक काय, कुणाला धोका, कुठल्या बदलामुळे आलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून त्या सतरा ऑगस्टच्या बदलाचा क्रमांक द्यावा लागणार, आणि क्रमांक उघडला की जगाला परत तुझंच नाव दिसणार. मी संस्थेच्या साहेबांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“बाई, सूचनेत माणसांची नावं आपण कधी घालतो का? क्रमांक द्या आणि मोकळ्या व्हा.”

“पण क्रमांकावर माझ्या भावाचं नाव आहे.”

“त्यांनी हे क्षेत्र केव्हाच सोडलं. तुम्ही अजून आहात. वाचल्याचा खोटा शिक्का तुम्ही मारलात हे बाहेर गेलं, तर उद्या तुमच्या हातचं कोण वापरेल?”

तुला खोटं कशाला सांगू, मी घरी येऊन पहिला मसुदा साहेबांच्या म्हणण्याप्रमाणेच लिहिला. क्रमांक, तारीख, दुरुस्ती. स्वच्छ, नीटनेटका. दोन दिवस तो टेबलावर पडला होता आणि मी त्याच्याकडे न बघता ये-जा करत होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं जग म्हणतं. मी पहिलीच बहीण असेन जिने आपल्याच बाब्याचं कार्टं करून चारचौघांत उभं केलं.

मसुदा फाडला. नवा लिहिलाय, माझ्या नावासकट. वरातीमागून घोडं आहे हे मला कळतं. तरी ते घोडं माझंच आहे, मीच आणून उभं करणार.

तू आता कॉलेजात शिकवतोस असं काकूंच्या जावयाकडून कळलं. बरं आहे का? जेवणाचं काय करतोस?

ताई

२९ एप्रिल, मंगळवार

बाब्या,

सकाळी दहाला सूचना बाहेर पडली. तू बघशील की नाही कुणास ठाऊक, म्हणून तुझ्यापुरता भाग इथे उतरवते.

‘या बदलावर लेखक म्हणून ज्यांचं नाव आहे त्यांनी तो केलेला नाही. तो त्यांच्या मशीनवरून मी केला आणि तपासल्याचा शिक्काही मीच मारला. त्यांनी घातलेली तपासणी योग्य होती. ती मी काढली. रक्तपेढीच्या घटनेचा दोष गेली आठ वर्षं त्यांच्यावर आला, तो माझा आहे. ही गोष्ट या तपासणीत माझ्या लक्षात आली.’

दुपारपर्यंत चाळीसेक मेल आले. कुणी ‘धाडस’ म्हणालं, कुणी त्याहून तिखट काही म्हणालं. एकाने नुसतं विचारलंय, दुरुस्ती जुन्या मशीनवर चालेल का? तो मला सगळ्यांत आवडला. चालेल म्हणून कळवलं.

तुझ्याकडून काही नाही. मी फोन उशाशी नाही, टेबलावर ठेवते, म्हणजे वाट बघतेय असं वाटू नये.

ताई

३ मे, शनिवार

बाब्या,

काल साहेबांनी माझ्याकडची किल्ली काढून घेतली. नवी आवृत्ती बाहेर सोडताना जी सही लागते ती आता संस्थेतली दोन माणसं करणार. मी एकोणीस वर्षं केली. साहेब वाईट वागले नाहीत, चहा मागवला. मी घरी आले तर तुझ्या खोलीतली तिन्ही मशीनं एकमेकांना वेळ विचारत बसली होती. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. तू विचारणार नाहीस म्हणून आपणहून सांगते.

आज सकाळी चिवटबाईचा मेल आला. कामाचा नव्हता.

ती तुझी विद्यार्थिनी आहे. माझ्या डोक्यात हे यायला हवं होतं, त्या शंकेवरूनच. तिने लिहिलंय की तू दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात फळ्यावर एक कोडं घालतोस. दोन ओळी काढलेल्या आहेत, काय बिघडेल ते सांगा. प्रोग्रॅमचं नाव सांगत नाहीस, माणसाचं तर नाहीच. पोरं हसतात, म्हणतात, हे कुणा येड्याने काढलं? तेव्हा तू म्हणतोस, “हसू नका. ज्या माणसाने हे काढलं त्याची आई त्या वेळी आत होती, दार बंद होतं, आणि फोन वाजत होता. तुम्हीही काढलं असतंत.” तिने ते कोडं मनात ठेवलं, नोकरीला लागल्यावर एकेक प्रोग्रॅम तपासत सुटली आणि आपल्यापर्यंत पोचली. तू तिला पाठवलं नव्हतंस, हे तिने दोनदा लिहिलंय.

म्हणजे तुला माहीत होतं. बाक, दार, फोन, सगळं. त्या संध्याकाळी सातला तू आलास तेव्हा मीच तुला त्या टेलिफोनवाल्याबद्दल बडबडले असणार. तू मनात गणित मांडलंस आणि मला माफही करून टाकलंस. आठ वर्षं, दर वर्षी, चाळीस पोरांसमोर.

मग तू बोलत का नाहीस? तेही तिने लिहिलंय. बुधवारी ती सूचना छापून तुला दाखवायला आली. तू ती दोनदा वाचलीस आणि एवढंच विचारलंस, “तिला कधी कळलं?” ती म्हणाली, “लिहिलंय की सर, या तपासणीत.” तू कागद घडी करून तिला परत दिलास आणि वर्गावर निघून गेलास. ती मला विचारतेय, तिचं काही चुकलं का.

तिचं काही चुकलं नाही.

आठ वर्षांपूर्वी रक्तपेढीची बातमी सोमवारी आली होती. मंगळवारी सकाळी मी ती नोंद उघडली, तारीख बघितली, वेळ बघितली, आणि मला जागच्या जागी सगळं आठवलं. या मार्चमध्ये मला काहीही सापडलं नाही. ते मी तुला लिहिलं, तसंच जगाला लिहिलं, कारण विसरलेल्या बाईला लोक क्षमा करतात. मी विसरले नव्हते. मंगळवारी दिवसभर फोनपाशी बसून मी तुला काय सांगायचं ते जुळवत होते. संध्याकाळी तूच फोन केलास. “ताई, तू सांग ना त्यांना.” नोंद माझ्यासमोर उघडी होती. मी घाबरले आणि तोंडातून ते रेकॉर्डचं वाक्य गेलं. एकदा गेल्यावर ते परत घ्यायला दुसऱ्या दिवशी जास्त धीर लागला असता, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. अशी आठ वर्षं गेली.

आणि दुसरी जागा. ती माझ्या नजरेतून सुटली नव्हती. पहिली ओळ परत घालायला लोक माझ्या उरावर बसले होते, म्हणून घातली. दुसरीची कुणालाच खबर नव्हती. ती घातली असती तर कुणीतरी विचारलं असतं, हिला कसं माहीत? म्हणून ती मी तशीच सोडली. लाखो लोकांची दारं मी आठ वर्षं उघडी ठेवली, तुझ्यासमोर माझं तोंड बंद राहावं म्हणून. हे कुणालाच ठाऊक नाही, तुलाही नसेल.

सूचनेतलं शेवटचं वाक्य मी बदललंय आणि ही दुसरी गोष्टही त्यात घातलीय. किल्ली नाही, म्हणून चिवटबाईकडे पाठवलं. ती जाहीर करेल. तिला गुरुवारपर्यंत थांब म्हटलंय, म्हणजे हे पत्र आधी तुझ्या हातात पडेल. तुला हे जगाकडून कळू नये.

तू विचारलंस, तिला कधी कळलं. मंगळवारी सकाळी कळलं. तू फोन केलास तेव्हा मला माहीत होतं.

ताई